फाटक किती वाजता बंद होते, एवढेच विचारू नये

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : महाविद्यालय निवडताना सुरक्षिततेचा विचार

प्रश्न : आम्ही नवसारीला राहतो. गायकवाडी अमलापासून आमचे घराणे येथेच आहे. माझी धाकटी मुलगी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून तिला बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि शहराबाहेरचे एक खासगी विद्यापीठ असे दोन पर्याय आहेत. आमच्या मामंजींचे म्हणणे असे, की जेथे संध्याकाळी सात वाजता फाटक बंद होते तेथेच मुलीला घालावे. सयाजीराव विद्यापीठाच्या आवारातून शहराचे रस्ते जातात, स्टेशन आणि एस.टी.चा डेपो हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे ते सुरक्षित नाही असे त्यांना वाटते. आम्ही दोन्ही ठिकाणे पाहून आलो. ‘आमच्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही’ असे दोन्हीकडे सांगण्यात आले. मग कोणते सुरक्षित, हे आम्ही कशावरून ठरवावे?
— एक आई, नवसारी

उत्तर : ताई, आपल्याला मिळालेल्या ‘एकही तक्रार नाही’ या उत्तरापासूनच सुरुवात करते, कारण पालकांना सर्वांत जास्त धीर देणारे आणि सर्वांत कमी माहिती देणारे उत्तर तेच आहे. हजारो मुले-मुली जेथे वर्षानुवर्षे शिकतात, राहतात, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबतात, तेथे कोणालाही कधीच त्रास झाला नाही असे घडणे अवघड आहे. तक्रारच नसेल, तर ती कोठे करायची हे मुलींना ठाऊक नसावे किंवा करून उपयोग नाही असे त्यांना वाटत असावे, ही शक्यता आधी तपासली पाहिजे. याउलट जे महाविद्यालय ‘गेल्या वर्षी तीन तक्रारी आल्या, त्यांचे असे असे झाले’ असे नावे न घेता सांगू शकते, त्याच्याकडे मी अधिक विश्वासाने पाहीन.

हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या विनियमांद्वारे उच्च शिक्षणसंस्थांसाठी त्याची सविस्तर घडी बसवून दिली. त्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते, निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही, बाहेरच्या संस्थेतील एक सदस्य असावा लागतो आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही त्यात बसतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या व्यक्तींना या समितीत घेता येत नाही, आणि त्यामागचे कारण उघड आहे. दरवर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांचा निकाल काय लागला याचा अहवाल संस्थेने आयोगाला द्यायचा असतो. तेव्हा पुन्हा जाल तेव्हा कार्यालयात नम्रपणे विचारा, की समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावलेली आहेत. कारकुनाने तत्काळ एखाद्या फलकाकडे बोट दाखवले, तर ठीक. ‘मॅडम, ते सगळे आहे, आपण काळजी करू नका’ असे उत्तर आले, तर काळजी करावी. नंतर तोच प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा. तिला समितीतील एका तरी व्यक्तीचे नाव सांगता आले, तर ती समिती कागदावरून खाली उतरली आहे असे समजावे.

आता मामंजींच्या फाटकाविषयी. त्यांची काळजी मी मनापासून समजू शकते, कारण बडोद्यातील मुलींच्या एका वसतिगृहात मी अकरा वर्षे गृहप्रमुख होते आणि आठ वाजता दार बंद करण्याचा नियम माझ्याच सहीने चालत असे. एका पावसाळ्यात गाडी रखडल्यामुळे एक मुलगी साडेनऊला परतली. तिच्या नावावर उशिराच्या दोन नोंदी आधीच होत्या आणि तिसऱ्या नोंदीनंतर घरी पत्र जात असे. तिने घंटा वाजवलीच नाही. ती स्टेशनवर परत गेली आणि रात्रभर प्रतीक्षालयात बसून राहिली. मला हे तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीतील मैत्रिणीकडून कळले. त्या रात्री तिला काही झाले नाही, परंतु नियमामुळे ती सुरक्षित झाली नव्हती, तर जेथे सुरक्षित राहिली असती त्याच दाराबाहेर थांबली होती. त्यानंतर आम्ही क्रम बदलला. उशिरा आलेल्या मुलीसाठी दार आधी उघडायचे, तिला जेवायला वाढायचे आणि विचारपूस सकाळी करायची असे ठरवले. उशिरा येणाऱ्या मुली त्यामुळे वाढल्या नाहीत. कोठे अडकलो आहोत हे दूरध्वनी करून आधी कळवणाऱ्या मुली मात्र वाढल्या.

म्हणून फाटक किती वाजता बंद होते हे अवश्य विचारावे, पण त्याच दमात हेही विचारावे, की गाडी चुकून मुलगी अकराला आली तर काय होते. दार कोण उघडते? त्या वेळी जागी असणारी जबाबदार व्यक्ती कोण? आयोगाच्या त्याच विनियमांत स्पष्ट म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहातील मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. प्रत्यक्षात हे कितपत पाळले जाते ते वसतिगृहागणिक बदलते. नवरात्रात ते लख्ख दिसते. बडोद्याचा गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि नऊही रात्री शहर रस्त्यावर असते. त्या दिवसांत काय व्यवस्था असते हे तेथील मुलींना विचारा. वसतिगृह गटाने जाण्यायेण्याची सोय करते, की ‘परवानगी नाही’ म्हणून मोकळे होते आणि मुली ‘मावशीकडे जाते’ असा अर्ज लिहून बाहेर पडतात? दुसऱ्या प्रकारात त्या रात्री मुली कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते.

सयाजीराव विद्यापीठाच्या मोकळ्या आवाराची भीती मला फारशी ग्राह्य वाटत नाही, परंतु एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १८८१ च्या बडोदा कॉलेजातून वाढत गेलेले आणि १९४९ मध्ये विद्यापीठ झालेले हे शिक्षणपीठ एका भिंतीआड बसवलेले नाही. मुख्य भाग सयाजीगंज, प्रतापगंज आणि फतेहगंज यांच्या कुशीत आहे, अभियांत्रिकीची शाखा दांडिया बाजाराकडे कलाभवनात आहे, आणि ललितकला, संगीत, वैद्यक यांचे पत्ते आणखी वेगळे आहेत. त्यामुळे ‘विद्यापीठ सुरक्षित आहे का’ हा प्रश्न फार मोठा होतो. आपला प्रश्न एवढाच आहे, की आपल्या मुलीचा विभाग, तिची प्रयोगशाळा, तिची राहण्याची जागा आणि या तिघांना जोडणारा रस्ता कसा आहे. तो रस्ता तिच्याबरोबर स्वतः चालून पाहावा, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर साडेसात-आठच्या सुमारास, तेही प्रवेशाच्या गर्दीत नव्हे तर साध्या कामाच्या दिवशी. दिवे लागलेले आहेत का, दुकाने उघडी आहेत का, रिक्षा सहज मिळते का, शेवटच्या दोनशे पावलांवर माणसे दिसतात का, हे पाहावे. वर्दळीच्या रस्त्यावर अनोळखी माणसे असतात हे खरे. पण हाक मारल्यावर वळून पाहणारेही तेथेच असतात. हंसा मेहता येथे १९४९ मध्ये कुलगुरू झाल्या, तेव्हा सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू होत्या. या रस्त्यांवरून मुलींच्या कितीतरी पिढ्या चालत गेल्या आहेत, हेही मामंजींना सांगावे.

शहराबाहेरच्या कुंपणबंद आवाराचा गुण असा, की आत कोण आले याची नोंद राहते. त्याची उणीव फाटकाबाहेर सुरू होते. शेवटची बस चुकली तर पुढे काय, महामार्ग ओलांडायला पूल आहे की जीव मुठीत धरून धावावे लागते, रात्री दोन वाजता कोणाला ताप चढला तर रुग्णवाहिका आवारातच असते की शहरातून येते, हे तेथे विचारावे. शेवटचा प्रश्न मी दोन्हीकडे विचारीन आणि तो असा विचारीन : ‘गेल्या वर्षात रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले का, आणि बरोबर कोण गेले होते?’ व्यवस्था खरोखर चालत असेल तर गृहप्रमुखांना प्रसंग आठवतो.

आणखी तीन गोष्टी आपल्या शहराने आणि आपल्या राज्याने फार मोठी किंमत देऊन शिकवलेल्या आहेत. २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गाला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. तेव्हापासून मी कोणत्याही वसतिगृहात गेले की दुसरा जिना शोधते. खिडक्यांना बाहेरून पक्के गज, गच्चीच्या दाराला कुलूप, खाली बंद फाटक आणि किल्ली एकाच चौकीदाराच्या खिशात, ही रचना पालकांना सुरक्षित दिसते. आगीच्या वेळी तीच सापळा होते. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र मागून त्यावरील मुदतीची तारीख वाचावी. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातील हरणीच्या तलावात क्षमतेहून अधिक मुले बसवलेली सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. महाविद्यालयातही अभ्यासदौरे निघतात. तेव्हा बरोबर किती शिक्षक असतात आणि वाहन कोण ठरवते, हे विचारणे गैर नाही. आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर येथील कोणी विसरलेला नाही. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा या बाजूला जागा घ्यायची असल्यास पाणी कोठवर चढले होते ते शेजाऱ्यांना विचारा, आणि शक्यतो तळमजला टाळा. पुराच्या पाण्याबरोबर मगरीही वस्तीत येतात, हे नवसारीकरांना नवल वाटेल, पण बडोदेकरांना ठाऊक आहे.

माझे मत विचाराल, तर विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर मी मुलीला तेथेच घालीन. तेथील जागा मर्यादित असतात. ती न मिळाल्यास घाईने पहिली दिसेल ती खासगी पीजी पक्की करू नये. घरमालक कोण, तो तेथेच राहतो का, भाडेकरूंची माहिती तो पोलीस ठाण्यात देतो का, स्वच्छतागृहाची कडी आतून नीट लागते का, हे पाहिल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये. मुलीच्या दूरध्वनीत तातडीच्या मदतीच्या ११२ बरोबर गुजरातच्या ‘अभयम’ या महिला मदतसेवेचा १८१ हा क्रमांकही असू द्यावा. त्यावर चोवीस तास समुपदेशक बोलतात आणि गरज पडल्यास गाडीही येते.

प्रश्न : मी रावपुऱ्यात राहतो. माझ्या मुलाला अर्थशास्त्रासाठी दिल्ली किंवा पुणे येथे जायचे आहे. ‘मुलगाच तर आहे, त्याच्या सुरक्षिततेची कसली चिंता’ असे सर्वजण म्हणतात. मी शहरांतील गुन्ह्यांच्या आकडेवारीचे एक कात्रण जपून ठेवले आहे. त्यात दिल्ली फार वर आहे, तर आपल्या बडोद्याचे नावच नाही. या यादीवरून निर्णय घ्यावा का?
— एक वडील, बडोदे

उत्तर : त्या यादीवरून घेऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांचे आकडे वेगळे दिले जातात. त्यात गुजरातची अहमदाबाद आणि सुरत आहेत, तर बडोदे २०११ च्या जनगणनेनुसार त्या मर्यादेखाली राहिले. त्याचे नाव नसण्याचा अर्थ एवढाच आहे. शिवाय हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. जेथे पोलीस तक्रार लिहून घेतात तेथे आकडा फुगतो आणि जेथे माणसाला परत पाठवले जाते तेथे तो लहान राहतो. आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असे समजू नये, असा इशारा त्या अहवालातच असतो. आणि आपला मुलगा काही सबंध दिल्लीत राहणार नाही. तो एका महाविद्यालयात, एका गल्लीत आणि एका खोलीत राहणार आहे.

मुलगा आहे म्हणून चिंता नाही, हे म्हणणे मात्र मला मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, पाटणजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, वरिष्ठ विद्यार्थ्यांनी तासन्‌तास उभे केलेला पहिल्या वर्षाचा मुलगा कोसळून मरण पावला. रॅगिंगविरुद्धचे आयोगाचे विनियम २००९ पासून आहेत. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. आपण सही कराल तेव्हा तो कागद नुसता भरून देऊ नका, रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे आणि नव्या मुलांना वेगळ्या मजल्यावर किंवा इमारतीत ठेवतात का, हे त्याच वेळी विचारा. गुन्हा घडल्याचे कळल्यावर चोवीस तासांत पोलिसांत तक्रार देण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मदत क्रमांक आहे. मुले हे सोसतात आणि ‘सगळ्यांनीच सोसले’ असे म्हणून गप्प राहतात, म्हणून निघण्यापूर्वी आपणच त्याच्याशी या विषयावर बोलावे. तो घरी सांगेल, असे गृहीत धरू नये.

दिल्लीत खोली घेताना तळघर नको. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. स्वस्त अभ्यासिका तेथे अजूनही मुलांना खुणावतात.

दुचाकीचा विचार मी या सर्वांच्या वर ठेवीन. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. पुण्यात मुलाला पोहोचल्याबरोबर गाडी हवी असते. पहिले सहा महिने ती देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयापासून चालत किंवा बसने जाता येईल अशी खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी.

आणि मनाच्या प्रकृतीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे. तो आठवड्यातून किती दिवस बसतो आणि भेट घेण्यासाठी कोणाच्या टेबलावरून अर्ज पुढे जातो, हे विचारावे. विभागप्रमुखाच्या सहीने समुपदेशकाकडे जायचे असेल, तर मुले जात नाहीत. दूरध्वनीवरून मानसिक आधार देणारी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा शासकीय आहे, तो क्रमांक त्याच्याजवळ असू द्या.

प्रश्न : मी बडोद्यात दुसऱ्या वर्षात शिकते. प्रयोगशाळेतील एक कर्मचारी रात्री-अपरात्री मला संदेश पाठवत असे. मी उत्तर देणे बंद केल्यावर ‘प्रात्यक्षिकाचे गुण माझ्या हातात असतात’ असा संदेश आला. शेवटचा संदेश २८ एप्रिलचा आहे. घरी सांगितले तर मला गावी परत नेतील, या भीतीने मी गप्प आहे.
— नाव देऊ नये

उत्तर : बाळ, हे लिहून पाठवलेस, हे फार बरे केलेस. यात तुझी काहीही चूक नाही. ते संदेश पुसू नकोस. त्यांची छायाचित्रे तारखेसह काढून एका विश्वासू मैत्रिणीकडेही पाठवून ठेव.

अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार लेखी द्यायची असते, आणि ती लिहिणे जमत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीच्या सदस्यांचे कर्तव्य आहे. तुझे नाव गुप्त ठेवावे लागते. गुणांच्या धमकीमुळे तू घाबरली आहेस, म्हणून हे मुद्दाम सांगते : चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तुझ्या कामाचे, चाचणीचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करू देऊ नये, अशी मागणी तू अर्जातच करू शकतेस, आणि आयोगाच्या विनियमांत त्याची तरतूद आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची असते. पोलिसांकडे जाण्याचा तुझा मार्ग यामुळे बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ती हद्द त्यांची नसली तरी.

घरच्यांविषयी एक सुचवते. आईला फक्त घडलेले सांगू नकोस. अर्ज लिहून तयार ठेव आणि तो हातात देऊन सांग. ‘मला त्रास होतो आहे’ एवढेच ऐकले की आईच्या मनात मुलीला घरी आणण्याचा विचार येतो, पण पुढची पायरी लिहिलेली दिसली की ती त्या पायरीवर तुझ्याबरोबर उभी राहू शकते. आणि हा अंक ज्या आईवडिलांच्या हाती पडेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की मुलीला बडोद्याला पोहोचवायला जाल त्या दिवशीच तिला सांगा, की काहीही झाले आणि तिने ते सांगितले, तर तिचे शिक्षण थांबवले जाणार नाही.

तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची असते. समिती कारण पाहून ती वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नकोस. शेवटचा संदेश २८ एप्रिलचा आहे, म्हणजे २८ जुलैपर्यंत वेळ आहे. सुट्टी संपून विभाग उघडेल त्या पहिल्याच आठवड्यात अर्ज दे, आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्यायला विसरू नकोस.